‘नागिन’ची पुंगी कुणी वाजवली?

सावली (जि. चंद्रपूर) : मूलहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या मार्गावरच्या या तालुक्याच्या गावात लग्नसराईत वरात निघाली आणि वाजंत्र्यांनी ‘ती’ धून छेडली, की पुढचे दृश्य ठरलेले असते. एक जण रुमालाचे टोक दातांत धरून गारुडी होतो, दुसरा डोक्यावर दोन्ही तळव्यांचा फणा काढून रस्त्यावर लोळण घेतो. बँड असो वा अलीकडची धुमाल पार्टी, ‘नागिन’वाचून वरात पुढे सरकत नाही. १९३६ साली गांधी सेवा संघाच्या अधिवेशनासाठी महात्मा गांधी ज्या गावात आले होते, त्या सावलीत आज नाचणाऱ्या तरुणांपैकी बहुतेकांनी १९५४ सालचा तो चित्रपट पाहिलेलाही नसेल. धून मात्र प्रत्येकाला पाठ आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या या धानपट्ट्यात साप ही पडद्यावरची गोष्ट नव्हे. बांधीत चिखलणी करताना, काडीचा भारा उचलताना नाग, मण्यार, घोणस यांची गाठ पडते. तरीही नाग म्हटले की येथील माणसाच्या कानात जो आवाज घुमू लागतो, तो कोणत्याही गारुड्याचा नाही. तो भोपळ्याच्या पुंगीतून निघालेला नाही. मुळात त्यासाठी कुणी फुंकरच मारलेली नाही. काचेचे व्हॉल्व्ह, तारा आणि एक स्पीकर यांतून तो निघाला. ते यंत्र फ्रान्समधील एका संशोधकाने तयार केले होते आणि त्यावर बोटे होती मुंबईच्या गिरगावात वाढलेल्या एका किराणा दुकानदाराच्या सव्वीस वर्षांच्या मुलाची. कल्याणजी वीरजी शाह हे त्याचे नाव. पुढे ‘कल्याणजी-आनंदजी’ या जोडनावाने ते घरोघरी पोहोचले. परंतु संगीतकार म्हणून नाव होण्यापूर्वीची, एका अनोख्या वाद्याचे वादक म्हणून असलेली त्यांची कारकीर्द बहुतेकांना ठाऊक नाही.

पुंगीचे अंग

ही कामगिरी किती अवघड होती, हे समजण्यासाठी आधी खरी पुंगी समजून घ्यावी लागेल. वाळलेल्या भोपळ्याच्या खालच्या बाजूस बोरूच्या किंवा वेळूच्या दोन नळ्या मेणाने बसविलेल्या असतात. दोन्हींत कंप पावणारी एकेक जीभ असते. एका नळीला भोके असतात, तिच्यावर गारुडी धून वाजवितो. दुसरी एकच स्वर अखंड धरून ठेवते. गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेण्याची हातोटी साधलेली असल्याने वादक मध्ये थांबत नाही. स्वराची धार कुठे तुटत नाही, आणि त्या न तुटण्यातच पुंगीची जादू आहे. त्यावर भर असते ती झरझर जाणाऱ्या कणस्वरांची आणि थरथरीची.

आता गंमत अशी, की ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या सापाला संगीताचा कान नाही. सापाला बाह्यकर्ण नाही, कानाचा पडदाही नाही. जमिनीतून येणारी कंपने जबड्याच्या हाडांवाटे त्याच्या अंतःकर्णापर्यंत पोहोचतात. हवेतून येणारे खालच्या पट्टीचे काही ध्वनीही त्याला जाणवतात, असे अलीकडच्या संशोधनातून दिसून आले आहे. मात्र नाग ‘डोलतो’ तो धुनीवर नव्हे, तर डोळ्यांसमोर हलणाऱ्या भोपळ्यावर लक्ष ठेवण्यासाठी. ‘नागिन’ लागला तेव्हा चित्रपटगृहात साप निघाल्याच्या वदंता गावोगावी पसरल्या होत्या. त्यांचे मोल वदंतेइतकेच. डोलली ती माणसे, आणि त्यांना डोलवण्यासाठी पुंगी खरी असण्याची गरज नव्हती, ती खरी वाटणे पुरेसे होते.

व्हॉल्व्हची पेटी

या वाद्याचे नाव क्लॅव्हिओलिन. फ्रान्समधील व्हर्साय येथील कॉन्स्टंट मार्टिन यांनी ते १९४७ मध्ये तयार केले. विजेवर स्वर निर्माण करण्याचे प्रयोग तोवर नवे राहिले नव्हते. रशियातील लेव्ह टेरमेन यांनी १९२० मध्ये हात न लावता वाजविण्याचे ‘थेरेमिन’ सिद्ध केले होते. मॉरिस मार्तनो यांचे ‘ओंद मार्तनो’ १९२८ पासून पॅरिसच्या रंगमंचावर होते. पण ही वाद्ये वाजविण्यास अतिशय कठीण आणि मोजक्यांच्याच हाती पडणारी होती. मार्टिन यांना नाचगाण्याच्या वाद्यवृंदातील साध्या पियानोवादकाला परवडेल आणि जमेल असे काहीतरी हवे होते. म्हणून त्यांनी दोन डाग केले. एकात छोटा कळफलक, दुसऱ्यात अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर. कळफलक पियानोच्या खाली अडकवावा, उजव्या हाताने त्यावर मुख्य धून वाजवावी आणि डाव्याने पियानोची साथ करावी, अशी ती कल्पना. इंग्लंडमध्ये सेल्मर, अमेरिकेत गिब्सन अशा नामांकित कंपन्यांनी परवाना घेऊन ते बनविले.

आत काय घडते? हार्मोनियममध्ये भाता हवा पुरवतो आणि पितळी सूर थरथरतो. येथे हवेच्या जागी वीज असते. जुन्या रेडिओत असत तसे व्हॉल्व्ह एका सर्किटमध्ये अखंड विद्युत कंपने निर्माण करतात. पट्टी दाबली, की त्या कंपनांचा वेग बदलतो आणि त्यानुसार स्वर उंच किंवा खाली जातो. हा मूळ स्वर अत्यंत कर्कश आणि उपस्वरांनी गच्च भरलेला असतो. समोरच्या डझनाहून अधिक कळा त्यातले काही उपस्वर गाळतात, काही राहू देतात. त्यातून कधी व्हायोलिनसारखा, कधी सनईच्या कुळातील ओबोसारखा नाद मिळतो. स्वराला आंदोलन देण्याची सोय निराळी. आवाज लहान-मोठा करण्यासाठी गुडघ्याने ढकलायची एक दांडी असते. कळफलक तीन सप्तकांचाच, पण कळ फिरवून त्याचा पल्ला पाच सप्तकांपर्यंत नेता येतो.

आणि एक मोठी उणीव. या वाद्यातून एका वेळी एकच स्वर निघतो. दोन पट्ट्या एकदम दाबल्या, तरी ध्वनी एकीचाच. स्वरमेळांवर उभ्या असलेल्या पाश्चात्त्य संगीतात ही मर्यादा ठळक जाणवते, त्यामुळे तेथे क्लॅव्हिओलिनला दुय्यम, रंग भरण्यापुरते स्थान मिळाले. आपल्याकडे चित्र उलटे होते. आपले सारे संगीतच एका स्वरामागून दुसरा स्वर अशा एकेरी चालीचे. बासरी, सनई, पुंगी यांतूनही धून एकेरीच निघते. तिकडची उणीव इकडे उणीव ठरली नाही. शिवाय पट्टी दाबलेली असेपर्यंत स्वर जराही क्षीण होत नाही, श्वास संपण्याचा प्रश्न नाही. अखंड धार, थोडा नाकातला वाटणारा नाद, वर आंदोलन. पुंगीच्या लक्षणांपैकी बरीचशी या पेटीत आयती होती. ती ओळखणारा कान तेवढा हवा होता.

गिरगावातील कान

कल्याणजींचा जन्म ३० जून १९२८ चा, धाकटे आनंदजी २ मार्च १९३३ चे. कुटुंब कच्छचे. वडील वीरजी शाह यांनी मुंबईत येऊन किराणा मालाचे दुकान थाटले. दुकानाची उधारी फेडता येईना म्हणून एका गिऱ्हाईकाने त्या बदल्यात मुलांना गाणे शिकविण्याचे कबूल केले, आणि त्या गुरुजींचे स्वतःचे संगीतज्ञानही बेताचेच होते, अशी कथा या बंधूंच्या बाबतीत सांगितली जाते. उधारीपोटी मिळालेल्या त्या शिकवणीपेक्षा गिरगावानेच त्यांना अधिक दिले असावे. मराठी आणि गुजराती वस्तीची सरमिसळ, गणेशोत्सवातले मेळे, नाट्यसंगीत, भजनी मंडळे, गरबा. चाळींच्या त्या दाटीत कान बंद ठेवणे कुणालाच शक्य नव्हते.

कल्याणजींनी पुढे ‘कल्याणजी वीरजी अँड पार्टी’ नावाचा वाद्यवृंद काढला. चित्रपटगीतांचे कार्यक्रम रंगमंचावर सादर करण्याची पद्धत आज सर्वत्र रुळली आहे. तिच्या अगदी आरंभीच्या शिलेदारांत या पार्टीची गणना होते. अशा कार्यक्रमात प्रेक्षकांना रोज काहीतरी नवे दाखवावे लागते. परदेशातून आलेली, विजेवर गाणारी पेटी ही त्या दृष्टीने बिनतोड वस्तू होती. पण नवलाई ओसरल्यावरही जो ते वाद्य सोडत नाही आणि त्यातून आपल्या मातीतला आवाज काढू पाहतो, तो खरा वादक. कल्याणजी या दुसऱ्या जातीचे निघाले. या वादनामुळेच चित्रपटसृष्टीत संगीतकारांकडे त्यांचे जाणे-येणे सुरू झाले.

दोन सहायक

‘फिल्मिस्तान’च्या ‘नागिन’चे दिग्दर्शक होते नंदलाल जसवंतलाल, नायक-नायिका प्रदीपकुमार आणि वैजयंतीमाला. संगीताची जबाबदारी हेमंतकुमार यांच्यावर होती. १९५२ च्या ‘आनंदमठ’मुळे ते हिंदी चित्रपटांत आले होते. त्यांच्या हाताखाली तेव्हा दोन तरुण सहायक काम करीत होते. एक कल्याणजी, दुसरे रवी. रवी म्हणजे पुढे ‘चौदहवीं का चाँद’ आणि ‘वक्त’चे संगीतकार म्हणून नावाजलेले रविशंकर शर्मा. दिल्लीहून मुंबईस गायक होण्यासाठी आलेल्या या गृहस्थांनी आधी पोटासाठी इलेक्ट्रिशियनची कामे केली होती. विजेच्या पुंगीच्या कथेत एक माजी वीजतंत्री असावा, हा योगायोग नोंद घेण्याजोगा आहे!

चित्रपटाचा सारा डोलारा पुंगीवर. लता मंगेशकर यांच्या आवाजातील ‘मन डोले’ या गाण्यात तर पुंगी ही साथ नव्हे, गायिकेच्या बरोबरीचे पात्र आहे. खरी पुंगी ध्वनिमुद्रणास आणणे सोपे, पण तिला वाद्यवृंदाच्या पट्टीत बसविणे कठीण. पुंगीचा स्वर तिच्या नळीच्या लांबीने आणि भोकांनी बांधलेला असतो, गाण्याची पट्टी बदलली म्हणून ती बदलत नाही. तिचा पल्लाही जेमतेम सप्तकाच्या आसपास. हेमंतकुमारांच्या चालीला याहून लांब धावणारी पुंगी हवी होती. ती कल्याणजींच्या क्लॅव्हिओलिनने दिली आणि तिला जोड मिळाली रवी यांच्या हार्मोनियमची. पुंगीच्या दोन नळ्या आणि एकावेळी एकच स्वर काढू शकणारे यंत्र हे गणित डोळ्यांसमोर ठेवले, की दुसऱ्या वाद्याचे महत्त्व सहज ध्यानात येते.

ते ध्वनिमुद्रण आज लक्ष देऊन ऐकावे. कळफलकावर बोट ठेवले की स्वर एकदम लागतो, पुंगीसारखा घसरत येत नाही. हा दोष लपविण्यासाठी प्रत्येक मुख्य स्वराच्या आधी शेजारचा स्वर ओझरता स्पर्शून जातो आणि कानाला तो घसरल्याचा भास होतो. लांब स्वरांवरचे आंदोलन गारुड्याच्या मानेच्या हेलकाव्याचे काम करते. यंत्र सर्वांना एकच मिळते, या युक्त्या बोटांच्या असतात. इंग्लंडमध्ये ‘टॉर्नेडोज’च्या ‘टेलस्टार’ या धुनीने क्लॅव्हिओलिन जगभर गाजले ते १९६२ साली, आणि बीटल्सपैकी जॉन लेनन यांनी ते आपल्या एका गाण्यात वाजविले १९६७ मध्ये. मुंबईतल्या तरुणाने त्याच्या आठ वर्षे आधी या वाद्यातून नाग काढून दाखविला होता, हे आपल्याकडे कुणी फारसे अभिमानाने सांगत नाही.

नाव कुणाचे?

‘नागिन’ त्या वर्षीचा सर्वाधिक कमाई करणारा चित्रपट ठरला. सर्वोत्कृष्ट संगीताचे ‘फिल्मफेअर’ हेमंतकुमारांना मिळाले आणि त्यात वावगे काही नाही, चाली त्यांच्याच होत्या. तबकडीवर गायिकेचे, संगीतकाराचे आणि चित्रपटाचे नाव होते. वादकांची नावे छापण्याची रीतच तेव्हा नव्हती. परिणामी, गल्लीबोळांत ज्या वाद्याची नक्कल होत होती, त्याचा वादक कोण हे श्रोत्यांना कळण्याचा मार्ग नव्हता. पुंगी कुणी वाजविली, याविषयी चित्रपटरसिकांत पुढे अनेक वर्षे वाद रंगत राहिले. कुणी कल्याणजींना श्रेय देई, कुणी रवींना, कुणी एखाद्या खऱ्याखुऱ्या गारुड्याला. वस्तुतः श्रेय पहिल्या दोघांचे, निरनिराळ्या वाद्यांवरचे.

याच वेळी अमेरिकेत अशाच एका वाद्यावर हयात घालविणाऱ्या क्लारा रॉकमोर यांचे उदाहरण डोळ्यांसमोर आणावे. १९११ मध्ये विल्नियस येथे जन्मलेल्या क्लारा बालपणी व्हायोलिनच्या असामान्य वादक होत्या. चार-पाच वर्षांच्या वयातच सेंट पीटर्सबर्गच्या संगीतशाळेत त्यांना प्रवेश मिळाला होता. हाडांच्या विकारामुळे व्हायोलिन सुटले आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांनी थेरेमिन हाती घेतले. ‘हाती घेतले’ हा शब्द येथे चुकीचाच, कारण या वाद्याला स्पर्श करायचाच नसतो. एका दांडीपासून हाताचे अंतर बदलले की स्वर बदलतो, दुसऱ्या कडीजवळच्या हाताने आवाज कमी-अधिक होतो. क्लाराबाईंनी हवेतल्या बोटांची एक स्वतंत्र पद्धती बसविली आणि खुद्द टेरमेन यांच्याकडून वाद्यात सुधारणा करून घेतल्या. १९३४ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या टाऊन हॉलमध्ये त्यांची बैठक झाली. भुताखेतांच्या चित्रपटांत थेरेमिनचा ‘भीती’ म्हणून वापर होऊ लागला, त्या वाटेला त्या गेल्या नाहीत. मोठ्या वाद्यवृंदासमवेत वाजविले, नाव कमावले. तरी त्यांच्या वादनाची स्वतंत्र तबकडी निघाली ती १९७७ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी.

दोघांच्या वाट्याला आलेले यश मोठे उद्बोधक आहे. क्लाराबाईंचे नाव जाणकारांपुरते राहिले, पण ते राहिले त्यांच्या वाद्यासह. कल्याणजींचा स्वर कोट्यवधींच्या कानांत गेला आणि नाव वाद्यापासून तुटले. यातले कोणते भाग्य मोठे, हे ज्याने त्याने ठरवावे. मात्र आपल्या चित्रसृष्टीने वादकांची नोंद ठेवण्यात दाखविलेली बेफिकिरी अक्षम्य होती, एवढे म्हणणे भाग आहे.

वादक संपला, संगीतकार झाला

क्लॅव्हिओलिनवादक म्हणून कल्याणजी फार काळ राहिले नाहीत. १९५८ च्या ‘सम्राट चंद्रगुप्त’ला त्यांनी एकट्याच्या नावाने संगीत दिले. १९५९ च्या ‘सट्टा बाजार’ आणि ‘मदारी’पासून आनंदजींचे नाव जोडले गेले. मदारी म्हणजे गारुडी. ज्याच्या हातची पुंगी साऱ्या देशाने ऐकली, त्याच्याकडे या नावाचा चित्रपट यावा हे स्वाभाविकच होते. ‘छलिया’, ‘जब जब फूल खिले’, ‘उपकार’ असा प्रवास सुरू झाला. ‘सरस्वतीचंद्र’ला संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘कोरा कागज’ला ‘फिल्मफेअर’ लाभले. अडीचशेहून अधिक चित्रपट झाले. १९९२ मध्ये ‘पद्मश्री’ मिळाली. या बंधूंच्या हाताखाली सहायक म्हणून काम केलेल्या लक्ष्मीकांत कुडाळकर आणि प्यारेलाल शर्मा या जोडीकडेच पुढे १९७६ चा नवा ‘नागिन’ आणि १९८६ चा ‘नगीना’ हे चित्रपट आले. पडद्यावरच्या नागांचे संगीत जणू एकाच घराण्यात फिरत राहिले!

क्लॅव्हिओलिनने उघडलेल्या दारातून इतरही आत आले. युनिव्हॉक्स वाजविणारे व्ही. बलसारा हे मुंबईचे, ते पुढे कोलकात्यात स्थिरावले. सत्तरच्या दशकात केरसी लॉर्ड यांनी मूग सिंथेसायझर हिंदी चित्रपटसंगीतात आणला. चरणजितसिंग यांनी १९८२ मध्ये दहा राग सिंथेसायझर आणि यंत्रतालावर वाजवून एक तबकडी काढली. तिच्याकडे त्या वेळी कुणी ढुंकून पाहिले नाही. २०१० मध्ये ती परदेशातून पुन्हा निघाली, तेव्हा या वृद्ध वादकाला युरोपात मैफलींची आमंत्रणे येऊ लागली.

या प्रवासाची दुसरी बाजू मात्र सुखावह नाही. १९५४ मध्ये विजेच्या पेटीने एका पुंगीची जागा घेतली. तेव्हा तिच्याभोवती व्हायोलिन, ढोलक, बासरी वाजविणारी हाडामांसाची माणसे होतीच. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून संगणकाला जोडलेला एकच कळफलक व्हायोलिनचा ताफाही वाजवू लागला, ढोलकही आणि बासरीही. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूबमध्ये ज्या ध्वनिमुद्रणासाठी पन्नास-साठ वादक जमत, ते काम एका छोट्या खोलीत होऊ लागले. गोव्यातून, महाराष्ट्रातून, पंजाबातून आलेल्या वादकांच्या एका संपूर्ण पिढीचा रोजगार आटला. झाडीपट्टी रंगभूमीलाही हा बदल चुकलेला नाही. दिवाळीनंतर धान घरात आले, की वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरीच्या गावोगावी रात्र रात्र प्रयोग करतात. एके काळी पायपेटी आणि तबल्याभोवती फिरणाऱ्या या रंगमंचासमोरच्या खड्ड्यात आता की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड ठाण मांडून बसले आहेत. यंत्राला दोष देऊन उपयोग नाही. कल्याणजींनी यंत्राकडून पुंगी वाजवून घेतली, त्यात बोटे त्यांची होती. आज कळ दाबताच तयार पुंगी निघते, आणि वादकाची बोटे तिच्यामागे धावतात.

खुद्द क्लॅव्हिओलिनही याच लाटेत गेले. व्हॉल्व्हची जागा ट्रान्झिस्टरने घेतल्यावर त्याचे उत्पादन थांबले. उरलेली वाद्ये संग्रहालयांत आणि हौशी संग्राहकांकडे आहेत. कल्याणजी अखेरच्या पर्वात चित्रपटांतून बाजूला होऊन लहान मुलांना गाणे शिकविण्यात रमले. त्यांच्या ‘लिट्ल वंडर्स’ या बालवृंदात सुनिधी चौहान गात असे. २४ ऑगस्ट २००० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. रवी त्यानंतर आणखी बारा वर्षे होते. ‘नागिन’ची पुंगी वाजविणाऱ्या जोडीपैकी दुसराही ७ मार्च २०१२ रोजी गेला.